बिनपटाची पोरं

आमच्या गावच्या शाळेत पाच वर्षांत एकही मूल नापास झालं नाही. हे मी थट्टेनं लिहीत नाही. कागदावर तसंच आहे, आणि प्रत्येक वर्षीच्या कागदाखाली शाळा समितीचा सभासद म्हणून माझी सही आहे. त्यामुळे जे सांगायचं ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलून मोकळं होता येत नाही. तरी राग येतो तो येतोच, आणि तो अजून गेलेला नाही.

गाव अंबड तालुक्यात, घनसावंगीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. रान काळं, पीक कापूस आणि ज्वारी. माझं शिक्षण निजामाच्या अमलात झालं, म्हणजे उर्दूत. अंबडला सातवीपर्यंत शिकलो. पुढं चार वर्षं जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर होतो, आणि वडील गेल्यावर शेती बघायला परत आलो. मराठी नीट लिहायला मी मोठेपणी शिकलो. पण आकडे कोणत्याही भाषेत आकडेच असतात, आणि ते जुळले नाहीत तर मला घास गोड लागत नाही. हा माझा जुना दोष. याच दोषापायी मला समितीत घेतलं. आमचे पाटील म्हणाले होते, "याला घ्या. बोलल जरा वाकडं, पण बेरीज बराबर करील."

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. एक हेडमास्तर आणि त्यांच्या हाताखाली एक मास्तर. चार वर्ग या दोघांत वाटलेले. मुलांना कुणी मुद्दाम बसवलं होतं असं नाही, निदान तसं म्हणत; पण फळ्याजवळ मारवाडी दुकानदारांची आणि जुन्या पटवाऱ्याच्या घरची मुलं, त्यांच्यामागं आम्हा जमीनवाल्यांची, मग सुतार, कुंभार, धनगर, आणि दाराशी नाल्यापलीकडची. नाल्यापलीकडं महार, मांग आणि दहाबारा घरं भिल्लांची. घटना आली, कायदा आला, नाला मात्र होता तिथंच होता.

संक्रांत झाली की पडवीत मुलं वाढायची. खोलीत नाही, पडवीत. हजेरी घेताना त्यांची नावं पुकारत नसत. ती खांबाला टेकून बसत, आत चाललेले पाढे बाहेरून म्हणत, आणि शाळा सुटली की सगळ्यांबरोबर घरी जात. गावात त्यांना बिनपटाची पोरं म्हणत. पट म्हणजे हजेरीपट. मीही म्हणायचो. साहेब तपासणीला यायचे असले की हेडमास्तर त्यांना आदल्या दिवशी सांगत, "उद्या येऊ नका रे," आणि ती येत नसत. मला वाटे, उनाड असतील, कधीमधी येऊन बसत असतील. पाच वर्षं मला इतकंच वाटलं. आकड्यांचा माणूस म्हणवून घेणाऱ्यानं एकदाही ती मोजली नाहीत.

मग आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी शाळेत नवे छापील फॉर्म आले. त्यात एक मोठा तक्ता होता. उभ्या रकान्यात वर्ग, आडव्या रकान्यात जाती. जूनमध्ये पटावर किती, परीक्षेला किती, पास किती, नापास किती. हेडमास्तरांनी तो तीनदा भरला आणि तिन्ही वेळा उभी बेरीज एक आली, आडवी दुसरी. माघातल्या एका सकाळी ते फॉर्म घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"भाऊ, एवढं जुळवून द्या. ह्या नव्या राज्याला कुणाची काय जात हे आधी पाहिजे, मग शिक्षण."

मी म्हणालो, "रजिस्टरं द्या, जुळवतो."

यावर त्यांनी काही आडकाठी केली नाही. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मला आजही म्हणावं लागतं. पाप आहे असं ज्याला वाटतं तो माणूस रजिस्टरं सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

दोन दिवस मी शाळेच्या पडवीत सतरंजी टाकून बसलो. आधीच्या वर्षाचं सांगतो, कारण ते मला तोंडपाठ झालं आहे. जूनमध्ये पटावर एकशे बारा मुलं. परीक्षेला एकोणऐंशी. तेहतीस गेली कुठं? जूनमध्ये नाल्यापलीकडची अडतीस होती, परीक्षेला नऊ. म्हणजे तेहतिसातली एकोणतीस तिकडचीच. उरलेली चार, तीन धनगरांची आणि एक आमच्याच गल्लीतल्या सालगड्याचा मुलगा. प्रत्येकाच्या नावापुढं तांबड्या शाईत एकच शब्द: "कमी". सगळे शेरे पौषातले.

त्याच्या पुढच्या जूनचं पान उघडलं. पहिलीत नवीन दाखल छत्तीस. त्यातली सत्तावीस नावं मी नुकतीच मागच्या वहीत "कमी" झालेली वाचली होती. तीच नावं, तेच बाप, तीच जात. दुसरीतून कमी झालेलं मूलसुद्धा पुन्हा पहिलीतच. मी पाचही वर्षं मागं गेलो. एक मुलगा चार वेळा पहिलीत नवीन होता.

नापास कुणीच नव्हतं. नापास व्हायला परीक्षेच्या दिवशी पटावर नाव लागतं.

आणि एक गोष्ट अशी सापडली की मी सतरंजीवरून उठून उभाच राहिलो. मधली दोन वर्षं वेगळी होती. त्या दोन वर्षांत नाल्यापलीकडची तीसच्या वर मुलं परीक्षेला बसली आणि पास झाली. तपासणीच्या वहीत साहेबांचा शेराही होता की तोंडी हिशेबात मुलं चांगली आहेत. ती दोन वर्षं मला पक्की आठवत होती. लागोपाठ दोन्ही साली पावसानं दगा दिला आणि आमचा कापूस बुडाला. वेचायला काही नव्हतंच. ज्या साली आमचं नुकसान झालं, त्याच साली ती पोरं शिकली.

मी आत गेलो. हेडमास्तर फळ्यावर भागाकार मांडत होते.

"मास्तर, जरा बाहेर या."

"जुळलं का?"

"जुळलं. म्हणूनच म्हणतो, बाहेर या."

पडवीत ते आले. मी वही पुढं केली. ते शांतपणे म्हणाले, "मग? नियमच आहे. महिनाभर सलग गैरहजर, नाव कमी. वेचणीला गेलेली पोरं महिना-दीड महिना तोंड दाखवत नाहीत. परत आली की अक्षर विसरलेली. त्यांना परीक्षेला बसवलं तर काय होईल?"

"नापास होतील."

"नापास तर मी कुणालाच करीत नाही, भाऊ. एक दाखवा."

"अन् दुकानवाल्या शेठजींची दोन पोरं? तिकडं मारवाडात लग्नाला गेल्ती. एकेचाळीस दिवस. मी मोजलेत. त्यांचं नाव न्हाई कमी झालं."

"त्यांचा अर्ज आहे." त्यांनी पेटीतून कागद काढला. सुरेख अक्षर, वर 'श्री', खाली शेठजींची सही. "रजेचा अर्ज असला की गैरहजेरी धरत नाही. तुमच्या मुलाला गोवर निघाला होता तेव्हा तुम्हीपण दिलाय. बघायचाय?"

बघायची गरज नव्हती. मला तो लिहिलेला आठवत होता. चार ओळींचा होता.

"ह्यांच्या आईबापाला लिहिता येत न्हाई, मास्तर."

"तेच म्हणतो मी. म्हणून तर मुलांनी शिकायला पाहिजे." हे ते अगदी मनापासून बोलले, आणि मला त्या क्षणी त्यांची कॉलर धरावीशी वाटली. लिहिता येत नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून पट नाही, पट नाही म्हणून लिहिता येणार नाही. आणि हे सगळं आमच्या समितीच्या शिक्क्याखाली, तालुक्यात पहिल्या नंबरावर.

खांबाजवळ एक मुलगी आमचं बोलणं ऐकत उभी होती. बारा वर्षांची असेल. अंगानं काडी, पण नजर खाली न घालणारी. नाल्यापलीकडून चौथीपर्यंत पोचलेली ती एकटीच, आणि तिचंही नाव यंदाच्या पौषात कमी झालेलं. रजिस्टरात तिचा सगळा प्रवास होता. पहिलीत तीनदा नवीन. तिसऱ्या खेपेला कापूस बुडाला, पास. दुसरीतही कापूस बुडाला, पास. तिसरीच्या वर्षी तिची आई बाळंत होती म्हणून मायलेकी रानात गेल्या नाहीत, पास. यंदा कापूस चांगला होता.

ती मला म्हणाली, "मालक, माझं नाव यादीत चढन का?"

यादी म्हणजे चौथीच्या परीक्षेची. ती केंद्रावर साहेब घेत, आणि नावं आधी तालुक्याला जात. जायला दोन दिवस उरले होते. जालन्याला मागासलेल्या जातींच्या मुलींसाठी वसतिगृह निघालं होतं. चौथी पास असली की पाचवीला तिथं ठेवून घेत.

"औटकी येती का तुला?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. मला दुसरं काही सुचलं नाही. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. नवे पैसे आल्यापासून पावकी-निमकीसुद्धा कुणी मन लावून करीना, औटकी तर मास्तरांनाही अडखळत येई.

"औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा," तिनं सुरू केलं आणि औट दाहे पस्तिसापर्यंत मध्ये श्वास घेतला नाही. मग म्हणाली, "उलटी म्हणू?"

घरी आलो तो तणतणतच. जेवायला बसलो तरी तोंड थांबेना. अर्ज काय, नियम काय, मास्तर काय, शेठ काय. माझी बायको भाकरी थापत ऐकत होती. तिला अक्षरओळख नाही, पण घरातलं काहीही तिच्या ध्यानातून सुटत नाही.

"समद्यांच्या नावानं बोटं मोडून राह्यलात," ती म्हणाली. "ती पोरगी महिनाभर कुठं व्हती, ते न्हाई इचारलं मास्तरानं?"

"वेचणीला."

"कुणाच्या?"

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"आपल्या," ती म्हणाली. "नाल्याकडचा तुकडा. तिची माय, ती, अन् बारकी बी. तुम्हीच तं निरोप धाडला व्हता, लेकरंबाळं घेऊन या, कापूस खाली गळून राह्यलाय म्हणून. तीन हप्ते वेचलं. इसरले का?"

विसरलो नव्हतो. तेच तर वाईट. शाळेतल्या खांबाजवळची मुलगी आणि माझ्या रानातली मुलगी या दोघी मी कधी एक केल्याच नव्हत्या. तिची गैरहजेरी चौतीस दिवसांची होती. त्यातले एकवीस दिवस ती माझ्या कापसात होती. उरलेले तेरा पाटलांच्या. मुलांना आम्ही मुद्दाम बोलावत असू, कारण खालच्या फांद्यांवरची बोंडं वेचायला मोठ्या माणसाला वाकावं लागतं आणि पाठ मोडते. लहान मुलाला वाकावं लागत नाही. गावात असं सगळेच करीत.

भाकरी तशीच ठेवून मी उठलो.

"जेवून तं घ्या," बायको म्हणाली. "उपाशी ऱ्हाऊन काय नाव चढणार हाय तिचं?"

दुपारी मी नाल्यापलीकडं गेलो. निरोप धाडायचा असला की गडी पाठवायचो. स्वतः जायची पहिलीच वेळ. मुलीची आई दाराशी तुराट्या मोडत होती. मला बघून लगबगीनं उठली. तिला वाटलं, कापूस अजून वेचायचा राहिला आहे.

"फरदड वेचायची का, मालक?"

"न्हाई. पोरीच्या परीक्षेचं बोलायला आलोय."

ती पुन्हा खाली बसली. "या साली झाली तं झाली, मालक. तिच्या मामानं जागा आणून ठिवलीय. मी म्हनलं, चौथी होऊ द्या, जालन्याला ठिवून घेत्यात म्हनं. तो म्हनला, झाली तं ठिव, न्हाई झाली तं अक्षय तृतीयेला लगीन उरकून टाकू. मास्तर म्हनत्यात नावच न्हाई. नाव कसं न्हाई? मी सवता घालून आल्ते जूनात."

तिला रजेचा अर्ज ही काय चीज आहे ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "मंग तव्हाच का न्हाई सांगितलं कुनी? कागदच पायजे व्हता तं अंगठा दिला असता."



संध्याकाळी हेडमास्तर स्वतःच माझ्याकडं आले. त्यांनाही चैन पडत नव्हतं असं दिसलं. म्हणाले, "एक रस्ता आहे. मागच्या तारखेचा अर्ज लिहून द्या. 'मुलगी आजारी आहे' म्हणून. आईचा अंगठा घ्या. मी फायलीत लावतो, कुणाला पत्ता लागायचा नाही."

"आजारी नव्हती ती."

"भाऊ, तुम्हाला मुलगी बसवायची की हरिश्चंद्र व्हायचंय?"

काट्यावर चार वर्षं होतो, पण खोटं वजन कधी लिहिलं नाही. खोटी तारीखही लिहिणार नव्हतो. मी दौत घेऊन बसलो आणि त्यांच्यासमोरच अर्ज लिहिला, त्या दिवसाच्या तारखेचा. "सदर मुलगी चौतीस दिवस शाळेत येऊ शकली नाही. त्यातील एकवीस दिवस ती माझ्या शेतात कापूस वेचत होती. तिला मी बोलावले होते. गैरहजेरीचा दोष माझा असून तिचे नाव कमी करू नये." खाली सही केली, आणि सहीखाली 'सभासद, शाळा समिती' असंही लिहिलं.

हेडमास्तरांनी तो वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "हा मी नाही घेऊ शकत. समितीपुढं ठेवा."

दुसऱ्या दिवशी समिती बसली, शाळेतच, मुलं सुटल्यावर. पाटील, शेठजी, जुने पटवारी, मी, आणि चिटणीस म्हणून हेडमास्तर. मी आधी तक्ता वाचून दाखवला. एकशे बारा, एकोणऐंशी, तेहतीस. बुडीत सालचे आकडेही वाचले. मग म्हणालो, यंदाही तेहतीसच कमी झालीत; ती तेहतीसच्या तेहतीस नावं परत पटावर घ्या आणि परीक्षेला बसवा.

पाटील हसले. "अरे बाबा, समदी बसवली तं निकाल निम्म्यावर येईल. तालुक्याला काय तोंड दाखवायचं?"

"हाय ते दाखवू."

"तोंड दाखवायचं तं आधी धुवावं लागतं, भाऊ," शेठजी म्हणाले आणि सगळे हसले. शेठजी मनानं वाईट नाहीत. शाळेला घड्याळ त्यांनीच दिलं. ते पुढं म्हणाले, "हे पहा, निकाल खाली गेला की मास्तरची बदली. नवा कोण येईल? कसा येईल? बनीबनाई शाळा बिघडायची. चार पोरांसाठी शंभराचं नुकसान."

"चार न्हाई, शेठजी. तेहतीस. अन् तुमच्या दोघांचे एकेचाळीस दिवस."

त्यांचा चेहरा पडला. "आम्ही अर्ज देऊन गेल्तो."

"तेच म्हणतोय मी."

मग मी तो कागद काढला आणि वाचला. पटवारी छताकडं बघत होते. पाटलांनी कागद मागून घेतला, लांब धरून स्वतः वाचला.

"'माझ्या शेतात' असं लिवलंस."

"व्हय."

"हा अंबडला गेला तं साहेब काय म्हणल? म्हणल, एक तुमच्या शेतात, मंग बाकीची बत्तीस कुणाच्या? तू तं सही ठोकून मोकळा झालास. आमचं काय?"

"तेरा दिवस तुमच्यात होती, पाटील. ते मी लिवलं न्हाई."

"उपकार केले!" ते कडाडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बोल. काय पायजे तुला? ती एक पोरगी ना? मास्तर, चढवा तिचं नाव. अन् हा कागद इथंच फाटला पायजे."

"अन् बाकीची?"

"बाकीचं जूनात बघू."

सगळे माझ्याकडं बघत होते. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती. मी भांडत बसलो असतो तर यादी तिच्यावाचून गेली असती, हे मला दिसत होतं. कागद मी अंबडला स्वतः नेला असता तर चौकशी कधी झाली असती, परीक्षेच्या आधी की अक्षय तृतीयेच्या नंतर, हेही मला सांगता येत नव्हतं. असा सगळा विचार मी केला. तो बरोबर होता असं मी कुणालाही पटवून देऊ शकतो, फक्त स्वतःला नाही. मी मान हलवली. पाटलांनी कागदाचे चार तुकडे केले.

हेडमास्तरांनी तांबडी शाई काढली, मुलीच्या नावापुढच्या 'कमी' शब्दाच्या आधी 'चुकून' असा शब्द घातला आणि खाली सही केली. चुकून कमी. खोटी तारीख न लिहिणारा मी, तो खोटा शब्द वाळेपर्यंत बघत बसलो.

परीक्षा घनसावंगीला झाली. चौथीची चौदा मुलं दोन बैलगाड्यांतून गेली. गाडी एक शेठजींची, एक माझी. साहेबांनी तोंडी हिशेबात साडेतीन शेराचा भाव विचारला तेव्हा तेरा जण बोटं मोजत होते आणि हिनं उत्तर देऊन वर 'आणखी विचारा' अशा नजरेनं बघितलं, असं गाडीवान सांगत होता. चौदाच्या चौदा पास. हेडमास्तरांनी निकालपत्रक तयार केलं: परीक्षेस बसलेले इतके, पास तितकेच, नापास शून्य, शेकडा शंभर. त्या शंभरात आता तीही होती. पत्रक माझ्याकडं सहीला आलं तेव्हा मी सही केली नाही. पटवाऱ्यांनी केली. कुणाचं काही अडलं नाही, तालुक्याला कळलंही नाही.

पुढं जूनमध्ये मुलीला जालन्याला सोडायला मीच गेलो. वसतिगृहाचा फॉर्म भरायला कुणीतरी लागणार होतं. आई आणि मुलगी मोटारीत मागं, मी पुढं. फॉर्म भरला, आईचा अंगठा घेतला. मुलीनं आपलं नाव स्वतः लिहिलं. आईनं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि रडायचं नाही म्हणून दुसरीकडं बघत बसली. आत जाताना मुलगी मागं वळली नाही, याचं मला बरं वाटलं.

परतीच्या मोटारीला वेळ होता. स्टँडवर आम्ही उभे होतो, मुलीची आई थोडी लांब. ती म्हणाली, "मालक, बारकीचा लिवला व्हता का कागद?"

"कुणाचा?"

"बारकीचा. पहिलीत हाय न्हवं. तिचं बी नाव काढलं व्हतं. ती बी तुमच्याच कापसात व्हती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. विचारायचं म्हणून विचारत होती. एवढा लिहिला, तर तोही लिहिला असेल असं तिला वाटलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "तिचा न्हाई लिवला."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच मी गेलो. पहिलीची नवी नावं भरून झाली होती. मी रजिस्टर मागितलं. बारकीचं नाव होतं, पुढं 'नवीन दाखल', आणि वय सहा. ती आठ वर्षांची होती. एक वर्ष तिनं घरी तान्हं भावंड सांभाळलं, दुसरं वर्ष शाळेत आणि माझ्या रानात काढलं.

"मास्तर, वय तरी खरं लिहा," मी म्हणालो.

"पहिलीला नवीन मूल सहाचंच लावतो आम्ही, भाऊ. आठ लिहिलं तर वरून विचारतात, दोन वर्षं होतं कुठं?"

"विचारू द्या की. मी सांगतो कुठं होतं."

त्यांनी ओल्या शाईवर टीपकागद दाबला, तो उचलून बघितला, आणि रजिस्टर मिटून पेटीत ठेवलं.